कोयनेच्या डोक्याने झांबेझी वाचली: लुसाकातल्या एका बादली कारखान्याची केस

पार्श्वभूमी

ही केस माझ्या दाजींची. नातं खरंय, बाकी ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय आणि त्यांना विचारूनच लिहितोय. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की "लिही, पण त्या डीजीचं काय लिहू नको." डीजीचं, म्हणजे डिझेल जनरेटरचं, लिहावं लागणारच आहे, त्याला इलाज नाही.

दाजी मूळचे सांगलीकडचे. पंचवीसेक वर्षांपूर्वी झांबियात गेले, लुसाकाला. आधी एका गुजराती शेठजींच्या दुकानात होते, मग स्वतःचं छोटं शेड घेतलं. प्लास्टिकचं काम. झाकणाची २० लिटरची बादली, टब, पाणी घ्यायचे मग, एवढंच. जुनं हायड्रॉलिक इंजेक्शन मोल्डिंग मशीन एक, ग्राइंडर एक, चिलर एक, चार-पाच डाय (साचे) आणि ११ माणसं. प्लास्टिकचा दाणा दार-ए-सलामच्या बंदरातून ट्रकने यायचा, माल लुसाकाच्या सोवेतो मार्केटमधल्या बायका डोक्यावरून न्यायच्या. धंदा मोठा नव्हता पण ताईचं घर आणि दोन पोरांची शिक्षणं त्यावर झाली.

मी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. त्यामुळे घरात "पाण्यातलं ह्याला कळतं" असं एक लेबल लागलेलं आहे, आणि लुसाकात लाईट जायला लागली की दाजींचा फोन मला येतो. तिथली वीज म्हणजे पाणीच. २०२४ च्या दुष्काळापर्यंत झांबियाची साधारण ८५ टक्के वीजनिर्मिती पाण्यावर होती, आणि त्यातलं बहुतेक पाणी झांबेझीचं नाहीतर तिची उपनदी काफुएचं. म्हणून बादलीच्या धंद्याची केस आधी नदीपासून सांगावी लागते.

नदी जाते कुठून

झांबेझी उगवते झांबियाच्या वायव्य कोपऱ्यात, म्विनिलुंगाच्या बाजूला. तिथून गुपचूप झांबियातच खाली उतरावं की नाही, तर नाही, बाई आधी अंगोलात शिरतात, तिथलं पाणी गोळा करतात आणि चावुमाजवळ परत झांबियात येतात. पुढे बारोत्सेचं मैदान लागतं, अफाट सपाट, पावसाळ्याच्या शेवटी सगळं पाण्याखाली. तिथला लोझी लोकांचा राजा पूर आला की मोठ्या नावेतून उंचावरच्या वाड्यात राहायला जातो, त्या सोहळ्याला कुओम्बोका म्हणतात. हे मैदान लक्षात ठेवा, माझी सगळी चूक त्याच्यात आहे. मग नामिबियाची चिंचोळी पट्टी, मग काझुंगुलाला बोत्स्वाना जेमतेम हात लावतं न लावतं तोवर झिंबाब्वे सुरू. व्हिक्टोरिया धबधबा, १०८ मीटरची उडी. तिथून खाली नदी हीच झांबिया-झिंबाब्वेची हद्द आणि त्या हद्दीवर कारिबा धरण. त्याच्याखाली मोझांबिकमध्ये काहोरा बासा, आणि मग हिंदी महासागर. सहा देश झाले. खोरं धरलं तर मलावी आणि टांझानियाही आले, म्हणजे आठ.

कारिबा १९५५ ते १९५९ मध्ये बांधलं. कमानी धरण, १२८ मीटर उंच, मागे २८० किलोमीटर लांब तलाव. एकूण साठा १८१ अब्ज घनमीटर. आपल्या हिशेबात बोलायचं तर साधारण ६,४०० टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे काठोकाठ भरलेल्या साठ कोयना. मी पहिल्यांदा आकडेमोड केली तेव्हा शून्य जास्त पडलं असेल म्हणून परत केली होती.

पण यातलं विजेला वापरता येतं फक्त ६५ अब्जाच्या आसपास. पातळी ४८८.५० मीटरला तलाव फुल्ल आणि ४७५.५० ला टर्बाईन बंद करायची वेळ. मधले १३ मीटर म्हणजे उपयुक्त साठा, खालचं सगळं मृतसाठा. त्यामुळे उपयुक्त साठा दोन-तीन टक्क्यांवर आला तरी काठावर उभ्या माणसाला समोर समुद्रच दिसतो. दाजी एकदा ताईला घेऊन कारिबाच्या काठच्या सियावोंगाला धरण बघायला गेले होते, तिथून त्यांनी फोटो टाकला, खाली लिहिलं "पाणी भरपूर हाय की रं". फोटोत मागच्या खडकावर पांढरा पट्टा होता, पाणी कुठून कुठे उतरलं ते सांगणारा. तो दोघांनीही बघितला नाही. त्या फोटोत ताईच्या हातात वाळवलेल्या कपेंटा मासळीची पिशवी होती आणि सगळी चर्चा ती आपल्या सुकटीसारखी लागते का यावर झाली.

(धरणासाठी खोऱ्यातले ५७,००० टोंगा लोक उठवले. त्यांच्या कितीतरी वाड्यांवरून नंतर वर्षानुवर्षं विजेच्या तारा गेल्या आणि खाली घरात दिवा नाही. कोयनेची धरणग्रस्त माणसं मी नोकरीत बघितलीत, त्यामुळे हे वाचून नवल काही वाटलं नाही.)

पहिला इशारा, नोव्हेंबर २०२२

कारिबाचं पाणी दोन देशांचं. उत्तरेचं पॉवर हाऊस झांबियाचं, १,०८० मेगावॅट. दक्षिणेचं झिंबाब्वेचं, १,०५० मेगावॅट. वाटणी करायला दोघांनी मिळून १९८७ पासून झांबेझी रिव्हर अथॉरिटी ठेवलीय, ती दरवर्षी कोटा ठरवते, दोघांना निम्मं निम्मं. आपल्याकडे दोन भावांत एक विहीर असली की पाळ्या लावतात तसंच. आणि पाळ्या लावल्या की पुढे काय होतं ते आपल्याला माहितेय.

२०२२ ला कोटा होता ४५ अब्ज घनमीटर, प्रत्येकी २२.५. नोव्हेंबरपर्यंत झिंबाब्वेच्या वीज कंपनीचा वापर २३.८९ वर गेलेला. २५ नोव्हेंबरला अथॉरिटीने त्यांना पत्र काढलं की आता बंद करा. त्या दिवशी उपयुक्त साठा उरला होता ४.६ टक्के, २.९८ अब्ज घनमीटर. मी हे टीएमसीत केलं तर आलं १०५ आणि वर थोडं. कोयनेची पूर्ण क्षमता १०५.२५! साठ कोयना मावणाऱ्या तलावात दोन देशांनी मिळून वापरायला एक कोयना उरली होती.

डिसेंबरच्या मध्यापासून झांबियातही लोडशेडिंग लागलं, दिवसाला १२ तासांपर्यंत. दाजींचे दोन महिने वाईट गेले. इंजेक्शन मशीनचं दुखणं असं की लाईट जाते तेव्हा बॅरलमध्ये, म्हणजे दाणा वितळवायच्या नळीत, वितळलेला माल असतो. स्क्रू थांबला की तो आतच थिजतो. डायमध्ये अर्धी बादली कोअरवर (साच्याच्या आतल्या भागावर) चिकटून बसते, ती पोरं पितळी पट्टीने खरवडून काढतात. लाईट आली की हीटर तापायला पाऊण तास, मग करपलेला माल बाहेर काढून टाकायचा, त्याचे गठ्ठे पडतात, पिवळट-तपकिरी, जळक्या मेणासारख्या वासाचे. हे गठ्ठे ग्राइंडरला दळून परत वापरता येतात, पण रंग गेलेला असतो त्यामुळे त्यात काळा मास्टरबॅच (रंगाचा दाणा) घालून फक्त काळा माल निघतो. दाजींच्या शेडमध्ये काळ्या टबांची रांग वाढली की समजायचं लाईटचं काही खरं नाही.

फेब्रुवारी २०२३ पासून ते सुटत गेलं. तलावही त्या वर्षी बऱ्यापैकी चढला. सगळ्यांनी "गेलं एकदाचं" म्हटलं, आम्हीही म्हटलं. त्या दोन महिन्यांचा नीट हिशेब, किती शॉट (डाय एकदा भरून निघणारा माल) वाया गेले, किती दाणा करपला, असा काही दाजींनी मांडला नाही आणि मीही मागितला नाही. पुढे तो लागला तेव्हा नव्हता.

जानेवारी २०२४, दुसरं मशीन

ऑक्टोबर २०२३ पासून झांबियात कॉलऱ्याची साथ सुरू झाली. जानेवारीत लुसाकात कहर होता, हीरोज स्टेडियममध्ये उपचार केंद्र उघडलं, शाळा उघडायच्या पुढे ढकलल्या. साथीत सगळ्यात आधी खपते ती झाकणाची बादली. घराघरात पाणी झाकून ठेवा, क्लोरीन टाका, हात धुवा. दाजींना आयुष्यात आल्या नाहीत एवढ्या ऑर्डरी आल्या, तीन पाळ्या चालवून मशीन पुरेना. लोकांच्या दुखण्यावर धंदा वाढतोय याचं त्यांना वाईटही वाटत होतं, शंभरेक बादल्या त्यांनी वस्तीत तशाच वाटल्या. पण ऑर्डर ती ऑर्डर.

अहमदाबादहून नवीन सर्वो मशीनचं कोटेशन आलं होतं. फोन मला.

"घेऊ का रं? लाईटीचं काय हुईल?"

मी विचारलं, "दाजी, पाऊस कसाय तिकडं?"

"पडतोय की, रस्त्यानं गुडघाभर पाणी हाय."

मी म्हटलं मग घ्या.

हा माझा सल्ला. मी काय केलं ते सांगतो. जुलै लागला की आम्ही सांगलीकर सकाळी उठून दोन आकडे बघतो, कोयना किती टीएमसी आणि आयर्विन पूल किती फूट. नवजा-महाबळेश्वरला रात्री धो धो पडला की सकाळी धरणाची आवक वाढलेली असते आणि सोडलं तर एक-दोन दिवसांत आमच्या दारात. पाऊस, धरण, पूल, सगळं एका आठवड्यातलं. तीस वर्षं हे डोक्यात बसलेलं. त्याच डोक्याने मी झांबेझी वाचली. लुसाकात पाऊस पडतोय म्हणजे धरण भरतंय.

लुसाकाचा पाऊस कारिबात जातच नाही. लुसाका काफुएच्या खोऱ्यात, आणि काफुए झांबेझीला मिळते ती कारिबाच्या खाली. कारिबात येतं ते मुख्यतः अंगोलातलं आणि झांबियाच्या पश्चिम-वायव्य टोकाचं पाणी, आणि तेही बारोत्सेच्या मैदानात पसरून, रेंगाळून, आठवडेच्या आठवडे घेऊन. डिसेंबर-जानेवारीत वर पडलेल्या पावसाचा पूर व्हिक्टोरिया धबधब्याला एप्रिलच्या आसपास दिसतो आणि तलाव सगळ्यात वर असतो तो जून-जुलैत, तेव्हा तिकडे आभाळ कोरडं ठाक आणि हिवाळा. कोयना म्हणजे तापट माणूस, लगेच चढतो लगेच उतरतो. ही बाई आज ऐकलेलं सहा महिन्यांनी बोलते.

तीन गोष्टी तेव्हाच डोळ्यासमोर होत्या. एल निनो आल्याचं जागतिक हवामान संघटनेने जुलै २०२३ मध्येच सांगितलं होतं, आणि एल निनो म्हटलं की आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात पाऊस दगा देतो हे आपल्या मान्सूनसारखंच जुनं गणित आहे. दुसरं, तलाव २०२३ ला चढला तो तळातून चढला होता, भरला नव्हता. तिसरं, अथॉरिटी पाण्याची पातळी आणि वरच्या ठाण्यांचा प्रवाह वेबसाईटवर टाकत असते, चावुमा हे अंगोलातून येणाऱ्या पाण्याचं पहिलं ठाणं. मी ती साईट उघडलीच नव्हती. खात्यातला माणूस असून.

दाजींनी ३० टक्के ॲडव्हान्स पाठवला.

अडचण

जानेवारी संपता संपता पाऊस जो थांबला तो थांबलाच, फेब्रुवारी कोरडा गेला. २९ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष हिचिलेमांनी दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. ११६ पैकी ८४ जिल्हे, आणि मक्याच्या २२ लाख हेक्टरांतलं जवळपास १० लाख हेक्टर पीक गेलं. ११ मार्चपासून रोज आठ तास लोडशेडिंग. त्याच सुमाराला बातमी आली की बारोत्सेत पुरेसं पाणी नाही म्हणून यंदाचा कुओम्बोका होणार नाही. ही बातमी ताईने पाठवली होती, तिच्या दृष्टीने "बघ, राजाची मिरवणूक रद्द झाली" एवढीच. मी ती वाचली आणि मग पहिल्यांदा नकाशा काढून बसलो. राजाला नाव चालवायला पाणी नाही म्हणजे ते पाणी खाली कारिबाला जुलैत पोचणार नाही. एवढं सरळ होतं ते.

त्याच दिवशी कोट्याचा आकडा बघितला. २०२४ साठी दोन्ही देशांना मिळून १६ अब्ज घनमीटर, प्रत्येकी आठ. दोन वर्षांपूर्वी ४५ होता. आठ अब्जावर उत्तरेचं पॉवर हाऊस वर्षभर चालवायचं तर सरासरी २०० मेगावॅटच्या आसपास निघते, क्षमता १,०८०.

इकडे अहमदाबादहून मेल, मशीन तयार आहे, बाकीचे ७० टक्के पाठवा.

पर्याय

मार्चच्या शेवटी दोन रविवार आम्ही व्हिडिओ कॉलवर घालवले. ताईपण होती, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात कामाचं तीच बोलली.

मोठा डीजी घ्यायचा, पूर्ण मशीन चालेल असा. दाजींचा पहिला ओढा इकडेच. पण एका बादलीमागे डिझेल किती जातं ते कागदावर काढल्यावर बादली विकण्यापेक्षा डिझेल विकलेलं परवडेल असं दिसलं. डिझेल बाहेरून येणारं, क्वाचा (तिथलं चलन) घसरतोय. हा बाद.

सोलर. शेडचं छप्पर मोठं, ऊन तर रग्गड. पण जुनं हायड्रॉलिक मशीन करंट खातं फार, मोटर सतत फिरत राहते, काम असो नसो. ते सोलरवर ओढायचं तर पॅनेल आणि बॅटरीचा खर्च शेडच्या किमतीला जायला लागला. शिवाय मार्चनंतर लुसाकात प्रत्येकजण सोलरच्याच मागे. "बघू" म्हणून बाजूला ठेवलं. नवीन मशीन सर्वोचं, तेवढ्याच कामाला करंट बराच कमी खातं, ते सोलरवर चालू शकतं, हे तेव्हा कुणालाच सुचलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वहीच्या समोरासमोरच्या पानांवर लिहिलेल्या होत्या.

पाळ्या फिरवायच्या, म्हणजे वेळापत्रकात लाईट असेल तेव्हा काम. यात पैसे नाहीत पण माणसं आहेत. रात्री दोनला लाईट आली तर मिनीबस नाही, बायका कामगार येणार कशा? ताई म्हणाली, "पोरींना रात्री दोनला बोलवायचं असेल तर गाडी तुम्ही स्वतः चालवायची."

मोझांबिक आणि साउथ आफ्रिकेकडून देश महागडी वीज विकत घेत होता, पण ती खाणींसारख्या मोठ्या गिऱ्हाइकांना परवडणारी, बादलीवाल्याला कोण विचारतो. यात एक गंमत अशी की मोझांबिकची वीज म्हणजे बरीचशी काहोरा बासाची, २,०७५ मेगावॅटचं पॉवर हाऊस, याच नदीवर आणि कारिबाच्याच खाली. आपल्या दारावरून गेलेलं पाणी शेजाऱ्याकडून बिल भरून परत आणायचं.

मशीन कॅन्सल करायचं आणि ॲडव्हान्स सोडायचा. मी याच बाजूचा होतो. माझी चूक मला लवकर मिटवून टाकायची होती बहुधा.

आणि ताईचा पर्याय: मशीन घ्या पण उशिरा पाठवा म्हणा, आणि दोन महिने बनवायचं कमी करून तयार माल विकत घेऊन विका, गिऱ्हाईक तुटू देऊ नका. "मशीन काय नासत नाही. गिऱ्हाईक नासतं."

काय केलं

मशीन कॅन्सल केलं नाही, डिस्पॅच जूनपर्यंत ढकललं. सप्लायरने कुरकुर करून मान्य केलं. पाळ्या फिरवल्या, रात्रीच्या पाळीला फक्त जवळ राहणारे चार पुरुष. आणि एप्रिलमध्ये ३० केव्हीएचा सेकंडहँड डीजी घेतला.

हा तो डीजी. कल्पना वाईट नव्हती आणि ती दाजींचीच होती. मशीन चालवायचं नाही, फक्त बॅरलचे हीटर कमी तापमानाला धरून ठेवायचे, म्हणजे लाईट आली की पाच मिनिटांत शॉट सुरू. गठ्ठे कमी, करपलेला दाणा कमी. आठ तासांचं शेडिंग चार-चार तासांच्या दोन तुकड्यांत होतं, त्याला हे झकास बसलं. एप्रिल-मे मध्ये काळ्या टबांची रांग खरोखर कमी झाली. दाजी खूश.

पण डीजी घेताना प्रश्न विचारायला हवा होता की हे आठ तास आठच राहणार का. आणि याचं उत्तर नदीकडे होतं. मे उजाडेपर्यंत धबधब्याचा पूर येऊन गेलेला असतो, त्या वर्षी तो फारच हलका आला. म्हणजे तलावात आता यायचं ते जवळपास येऊन गेलं, पुढच्या डिसेंबरपर्यंत फक्त खर्च. हे मला मेच्या मध्याला दिसत होतं, वहीत ग्राफ काढलेला आहे माझा, पेन्सिलने. तरी मी दाजींना म्हणालो, "जुलैपर्यंत थांबू, तलाव जुलैत वर असतो." पहिल्यांदा नदी माहीत नव्हती म्हणून चुकलो. दुसऱ्यांदा माहीत होती, पण वाईट बातमी द्यायची हिंमत नव्हती. दुसरी चूक मोठी मानतो मी.

जुलैत काही झालं नाही. शेडिंग १२ तासांच्या पुढे गेलं आणि सप्टेंबरपर्यंत काही भागांत दिवसाला जेमतेम तीन तास लाईट. तीन तासांसाठी २१ तास हीटर धरून ठेवणं म्हणजे एका चपातीसाठी दिवसभर चूल पेटती ठेवणं. डीजी बंद केला. ऑक्टोबरमध्ये एका मोठ्या होलसेलरची ऑर्डर वाचवायला महिनाभर मोठा डीजी भाड्याने आणला, ऑर्डर वाचली, पैसा डिझेलने खाल्ला, हातात उरलं शून्य.

दरम्यान ऑगस्टमध्ये नवीन मशीन लुसाकात आलं आणि लाकडी क्रेटमध्येच ताडपत्रीखाली उभं राहिलं. लावून काय करणार.

क्रेटवर चिकटवलेली माहितीपत्रिका वाचून सर्वोची गोष्ट कुणाच्या लक्षात आली, तर शेडमधल्या इलेक्ट्रिशियनच्या. तिथला मुलगा, तिशीतला. त्याने दाजींना सरळ विचारलं की बॉस, हे इतक्या कमी लोडचं मशीन आहे तर जुनंच का सोलरवर चालवायचं बघताय? दाजींनी तिथूनच मला फोन लावला. दोघंही थोडा वेळ गप्प होतो.

नोव्हेंबरमध्ये कर्ज काढून सोलर बसवलं, बॅटरी अगदी लहान ठेवली, फक्त ढग आला तर शॉट पूर्ण होईल एवढी. जुनं मशीन डिसेंबरात विकलं, आलेल्या भावाला.

निकाल

२०२५ च्या मध्याला परिस्थिती अशी: नवीन मशीन दिवसा साधारण दहा ते तीन सोलरवर, लाईट असेल तेव्हा त्याच्याआधी-नंतर. उत्पादन पूर्वीच्या दोन-तृतीयांश. माणसं ११ ची पाचवर आली होती, गेलेल्या सहातली तीन परत घेतली. उरलेल्या तिघांपैकी एक बाई आता सोवेतो मार्केटमध्ये दाजींच्याच बादल्या विकते, दोघांचा पत्ता नाही. होलसेलर टिकला. ताईचं तयार माल विकत घेऊन विकायचं काम दोन महिन्यांसाठी सुरू झालं होतं, ते अजून चालू आहे आणि त्यात बनवण्यापेक्षा जास्त सुटतं, हे दाजींना मान्य करायला जड जातं. कर्जाचे हप्ते चालू आहेत. छोटा डीजी घरी आणला, ताईचा फ्रीज आणि शेजाऱ्यांचे मोबाईल त्यावर.

म्हणजे जानेवारीचा चुकलेला निर्णय डिसेंबरात अर्धा बरोबर ठरला, तोही आमच्या शहाणपणाने नाही. मशीन कॅन्सल केलं असतं, माझं ऐकून, तर सोलरवर चालवायला काहीच नसतं.

वेगळं काय करता आलं असतं

मशीन घ्यायचं की नाही यावर आमच्यात अजून मतभेद आहेत. दाजी म्हणतात घेतलं ते बरंच झालं, मी म्हणतो जानेवारीत नको होतं घ्यायला, साथ ओसरली की बादलीची मागणी ओसरणारच होती, पाण्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी. त्यावर ते म्हणतात तू पाण्याचं बघ, धंद्याचं मी बघतो. बरोबर आहे.

पाण्याचं मी काय वेगळं करायला हवं होतं ते सांगतो. एक तर तारखा. मोठी खरेदी जानेवारीत ठरवायचीच नाही, तेव्हा नदीने अजून काही सांगितलेलं नसतं. चावुमाचे आकडे मार्चच्या शेवटी बघायचे, धबधब्याचे मे महिन्यात, आणि जो काही निर्णय तो मेमध्ये. मेनंतर थांबण्यात अर्थ नाही, जुलैत नवीन काही कळत नसतं, फक्त मेमध्ये कळलेलं जुलैत दिसतं. दुसरं, टक्के बघायचे नाहीत, कोटा बघायचा. तलाव १५ टक्के असला तरी दोन देशांनी ठरवलं तर वीज भरपूर येईल, २०२२ ला तेच तर केलं, आणि २५ टक्के असला तरी हात आखडता घेतला तर येणार नाही. गिऱ्हाइकाला भोगायला लागतं ते कोट्याप्रमाणे.

अंदाजाला लागलं तर माझं घरगुती गणित: उपयुक्त ६५ अब्ज, मधले १३ मीटर, म्हणजे मीटरला साधारण पाच अब्ज, म्हणजे तलाव एक सेंटिमीटर उतरला की पाच कोटी घनमीटर गेलं. अख्खी कोयना ओतली तर ६० सेंटिमीटर चढेल. हे एवढं दाजींच्या शेडमध्ये भिंतीवर खडूने लिहिलंय.

इलेक्ट्रिशियनला मार्चच्या त्या कॉलवर बसवायला हवं होतं. आम्ही तिघं मराठीत बोलत बसलो आणि ज्याला मशीनचा लोड माहीत होता तो बाहेर चिलर साफ करत होता. याच्याइतकी स्वस्तात सुटली असती अशी दुसरी चूक या केसमध्ये नाही.

डीजीबद्दल दाजींचं म्हणणंही नोंदवून ठेवतो, नाहीतर रागवतील. त्यांच्या मते तो डीजी आठ तासांच्या शेडिंगसाठी बरोबर होता आणि शेडिंग आठ तासांचंच राहील असं त्यांना सांगणारा मी होतो.

आता मार्च लागला की फोन येतो, "काय पाऊसपाणी" वगैरे काही नाही, एकदम "चावुमा किती?" मी आकडा सांगतो. मग ते विचारतात, गेल्या वर्षी याच दिवशी किती होता. तो मी आधीच काढून ठेवलेला असतो.